राइज, रेझ आणि भाऊजींचं नाव

मला याद्या करायची सवय आहे आणि त्यावरून घरात माझी भरपूर टिंगल होते. किराण्याची यादी सगळेच करतात. मी प्रवासाला न्यायच्या सामानाचीही करते आणि परत निघताना तीच पुन्हा वाचून दाखवते. सासूबाई म्हणतात, "ही मरताना बी यादी करून जाईल, कुणी कुणी रडायचं ती." त्यामुळे धाकट्या जावेला इंग्रजी क्रियापदं शिकवायची वेळ आली तेव्हा मी आधी काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

परभणीच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते आणि पेडगावहून रोज ये-जा करते. जाऊही माझ्याबरोबरच जायची. ती नर्स. परभणीतल्या एका लहानशा दवाखान्यात होती. हात असा हलका की इंजेक्शन देऊन झाल्यावर पेशंट विचारायचे, "मॅडम, कवा देणार?" तिचा नवरा म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन जातात. दिवाळी झाली की निघायचं, ते ऊन तापल्यावर परत यायचं. लग्न झाल्यापासून दोघांचा निम्मा संसार फोनवर चाललेला. त्यातही भाऊजींचं बोलणं इतकं मोजकं की फोन चालू आहे की बंद, हे तिला अधूनमधून विचारावं लागे.

हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स घ्यायच्या होत्या. लग्न झालेल्यांना तिथं राहायला खोली मिळणार होती. गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या शहरात काम मिळायला अडचण नव्हती. जाऊ मला म्हणाली, "अक्का, बारा महिने एका घरात राह्यचं. मला दुसरं काय बी नको."

तिच्या आणि त्या घराच्या मध्ये एक मेट्रन, म्हणजे तिथली मुख्य नर्स, उभी होती. मुलाखत व्हिडिओवर, आणि सगळी इंग्रजीत. जावेची एक मैत्रीण आदल्या खेपेला नापास झाली होती. ती सांगत होती, की ही मेट्रन क्रियापदांवर पकडते. मेट्रननं 'रेझ द बेड', म्हणजे खाट वर कर म्हटलं, तर मैत्रीण स्वतःच खुर्चीतून उठून उभी राहिली. नंतर पेशंटच्या पाठीला काय करशील असं विचारलं, तर ही म्हणाली 'रॉब'. म्हणजे चोळीनच्या जागी लुटीन. मेट्रन म्हणाली म्हणे, "आमच्याकडे ते काम बिलाच्या खिडकीवर होतं."

मी त्याच संध्याकाळी यादी केली. मोठ्या पुठ्ठ्यावर, दोन रकान्यांत. डावीकडे राइज, उजवीकडे रेझ. लाय आणि ले. रब आणि रॉब. वाइप आणि व्हिप. ब्लीड आणि ब्रीड, म्हणजे रक्त जाणं आणि पैदास करणं. प्रत्येकापुढे अर्थ, लाल शाईनं. शाळेत माझ्या फलकलेखनाला नेहमी बक्षीस मिळतं. पुठ्ठा बैठकीच्या भिंतीवर लावला.

जावेनं आठवडाभरात यादी पाठ केली. वरून खाली घडाघडा म्हणायची. मी मधलंच एखादं विचारलं की तिचे डोळे छताकडे जायचे आणि ओठ पहिल्या ओळीपासून हलायला लागायचे. वाइप म्हणजे काय विचारलं तर ती राइजपासून निघायची आणि वाटेत लायपाशी मुक्कामाला थांबायची.

"असं करून कसं जमायचं?" मी म्हटलं. "पेशंटला घाम आला तर यादी म्हणून होईपर्यंत तो वाळेल की."

"मग वाइप करायची गरजच न्हाई राहणार, अक्का," ती म्हणाली.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पुठ्ठ्याच्या मागं पाल राह्यली हाय. तिला पाठ झाली आसंल."

पुढे जे झालं ते पाथरीला झालं. नात्यात बारसं होतं. जीप ठासून भरून आम्ही गेलो. सासूबाई होत्या, जाऊ होती आणि आमच्या समोरच्या घरातल्या मावशी होत्या. या मावशी कुठल्याही कार्यक्रमाला आमच्याबरोबर असतातच, आमंत्रण असो नसो. तिथं पोचलो तर बायकांनी दार अडवलेलं. आमच्याकडे नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि नवऱ्याचं नाव नुसतं सांगून भागत नाही. उखाण्यातच घ्यावं लागतं. माझी पाळी कशी निघाली ते सोडून देते. मला उखाणे येत नाहीत. माझा एक ठरलेला आहे, तो सगळ्या तालुक्याला पाठ आहे, आणि मी तोंड उघडलं की बायकाच तो पुरा करतात.

जाऊ जीपमध्ये सगळी वाट यादी पुटपुटत आली होती. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. उंबऱ्यात उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली:

"दिवस होतो राइज, त्याला कुणी उठवत न्हाई,
…रावांना रेझ केल्याबिगर अंथरूण सुटत न्हाई."

टिंबांच्या जागी भाऊजींचं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. त्या बिचाऱ्याचं ते त्या वर्षात पुष्कळांनी पुष्कळ वेळा घेऊन झालं आहे.

दारातल्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, "रेझ म्हंजी काय वो?" जाऊ काही सांगायच्या आत मावशींनी हातानं एखाद्याचं बखोट धरून वर ओढल्याची नक्कल करून दाखवली. बारशाला आलेल्या सगळ्या बायकांना त्या दिवशी राइज आणि रेझ यांतला फरक कळला. बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र जीपमध्ये कोणाला नीट आठवेना.

परतीच्या वाटेवर मी जावेला अचानक विचारलं, "रेझ?"

ती चटकन म्हणाली, "दुसऱ्याला उठवणं." छताकडं न बघता. जीपला छत होतं, तरी.

मी व्यवहारी बाई आहे. चालतंय ते धरावं. दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग विहाराच्या ओट्यावर सुरू झाला. संध्याकाळची वंदना आटोपली की बायका तशाही तिथं टेकतात. मी एक जोडी सांगायची, अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी उखाणा जुळवायचा. चोराचा पहिल्याच दिवशी झाला:

"चोर करतो रॉब, अंधारात घर बघून,
…रावांची पाठ रब करते खोबरेल लावून."

वाइप आणि व्हिपचा सासूबाईंचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं तो भाजी निवडता निवडता टाकला:

"बैलाला व्हिप करू नये, त्याला असतो जीव,
…रावांचा घाम वाइप करते, येते मला कीव."

"आत्याबाई, तुमी तुमच्या नवऱ्याचं घ्यायचं सोडून लेकाचं कामून घेतलं?" मावशींनी विचारलं.

"माझ्याला घाम कधी आलाच न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "काम केलं तर येतो."

लाय आणि लेवर जावेनं स्वतः डोकं चालवलं. मांजर लाय होतं कुठंबी, त्याला लागत न्हाई चटई, आणि नवऱ्यासाठी चटई ले करते ही गुणाची बाई. इथं 'गुणाची'वर सगळ्यांनी हरकत घेतली, पण यमक जुळत होतं म्हणून सोडून दिलं. ब्लीड आणि ब्रीड यांचा उखाणा मावशींनी केला. तो मी लिहिणार नाही. त्यात एक बोकड आहे. सासूबाईंनी मावशींच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तो त्यांनाच सगळ्यात आधी पाठ झाला.

मीही एक केला होता. कोणी दाद दिली नाही. मावशी म्हणाल्या, "शाळेच्या बाई, तुमचा उखाणा नोटीस बोर्डावर लावा."

अडचण माझ्या लक्षात उशिरा आली. मी जावेची तयारी घेत होते, इंग्रजीतून. "पेशंट कॅनॉट सिट. व्हॉट विल यू डू?"

"आय विल रेझ द बेड," जाऊ म्हणाली. इथवर उत्तम. मग थांबली, मान किंचित खाली घातली, आणि म्हणाली, "…राव."

"ते शेवटचं काढ."

"काढते."

"युअर पेशंट इज स्वेटिंग."

"आय विल वाइप हिज फेस." थांबली. ओठ घट्ट मिटले. चेहरा शिंक आल्यासारखा झाला. "…राव," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "अक्का, नाव घेतल्याबिगर तोंड बंदच व्हईना गेलंय."

तिचा दोष नव्हता. आमच्याकडच्या मुलीला लग्नाच्या दिवसापासून हेच वळण लागतं. नाव राहिलं की पन्नास तोंडं ओरडतात, "नाव राह्यलं की!" आणि बाई दारातच. क्रियापद डोक्यात नेऊन बसवलं होतं ते नावानंच. आता नाव उपटलं तर क्रियापदही हातात येत होतं. मी तिला नावाच्या जागी 'मॅडम' म्हणायला लावलं. ती 'रेझ द बेड, मॅडम …राव' म्हणायला लागली. मेट्रनला राव म्हटल्यावर पुढे काय होईल याची मला कल्पना होती. मग पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, तर ठसका लागला. शेवटी मनातल्या मनात घे म्हटलं. दहा वेळा म्हटलं तर निम्म्या वेळा जमायचं.

मुलाखतीच्या दिवसाची यादी मी केली होती आणि ती चोख होती. फोन चार्ज करणे. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवणे. कुकर लावू नये. शेळी मागच्या दाराला बांधणे. मावशींना येऊ न देणे. सासूबाईंना शेतात पाठवणे. शेवटची दोन कामं सोडून बाकी सगळी झाली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सुनेचा इंटरव्ह्यू आन मी कापूस येचू व्हय?" त्या आणि मावशी स्वयंपाकघराच्या दाराआड बसल्या. मावशींनी आणखी दोघींना मागच्या दारानं आत घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. मी समोर, फोनच्या मागे, स्टुलावर. जाऊ पांढऱ्या गणवेशात. घरातल्या घरात तिनं बूटही घातले होते.

मेट्रन पडद्यावर आली. पिकलेले केस, बारीक चष्मा. नाव, गाव, शिक्षण झालं. जावेनं छान सांगितलं. मग मेट्रननं कागद पालटला आणि म्हणाली, पेशंटला श्वास घ्यायला त्रास होतोय, डोकं वर पाहिजे. काय करशील?

"आय विल रेझ द बेड, मॅडम." थांबली. मला तिच्या गळ्यातली हालचाल दिसली. नाव गिळलं.

पुढचा प्रश्न, पेशंटच्या पाठीला चट्टे पडताहेत.

"आय विल रब हिज बॅक, मॅडम." पुन्हा थांबली, पुन्हा गिळलं. आणि ती थांबली असताना, स्वयंपाकघराच्या दाराआडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, मावशी हळूच म्हणाल्या, "नाव राह्यलं."

"…राव!" जाऊ म्हणाली. खणखणीत.

मेट्रननं चष्मा वर केला. "हू इज धिस पर्सन?"

जाऊ गोंधळली. "माय हजबंड, मॅडम."

"इज ही इन द रूम? इज ही टेलिंग यू द आन्सर्स?" आणि मग, आवाज खाली करून, आमच्या बाजूच्या बायकांना नीट कळेल अशा भाषेत, "कौन है जी उधर? सच्ची बोलो. फोन घुमाओ."

त्या खोलीत तेव्हा उत्तरं सांगणारा माणूस कोणीच नव्हता. पण फोन फिरवला तर मेट्रनला काय दिसणार होतं, ते माझ्या एकदम लक्षात आलं. मी हातानं नको नको करत होते. जाऊ सरळ मुलगी. तिनं डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि फिरवला.

आधी मी दिसले, स्टुलावर, हात हलवताना. मग माझ्या मागची भिंत. भिंतीवर दोन रकाने. राइज, रेझ, रब, रॉब, लाल शाईत, दुरून वाचता येईल अशा सुरेख अक्षरात.

"अँड व्हॉट इज दॅट?" मेट्रननं विचारलं.

"दॅट इज माय सिस्टर-इन-लॉज लिस्ट, मॅडम," जाऊ म्हणाली. "आय कॅनॉट लर्न फ्रॉम इट."

हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं. बाकीच्या दृष्टींनी मी अजून विचार केलेला नाही.

इतक्यात दार उघडून सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी फोन आपल्या तोंडाजवळ ओढला. त्यांच्या माहेरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हैदराबादची बोली होती. ती त्यांनी त्या दिवशी बाहेर काढली. "वो मेरा छोरा है जी! इधर नई है वो. ऊस के गाडी पे गया. हमारे में औरतां नाव लेके बोलते. नाव नई लिए तो बात अधुरी. तुम नई लेते क्या तुमारे साब का?"

मेट्रन म्हणाली, "हमारे साब का नाम लेने से कुछ याद नई रहता."

दाराआड तिघी फसकन हसल्या. मेट्रननं तेही ऐकलं. "और कित्ते लोगां हैं घर में?" तिनं विचारलं, आणि मग पुन्हा इंग्रजीवर येऊन, आता हसू अजिबात न ठेवता, सांगितलं: फोन घे, एकटी कुठेतरी जा. जिथं कोणी नाही, भिंतीवर काही नाही. मी नवीन प्रश्न विचारणार. सांगता आलं नाही तर मुलाखत संपली.

जाऊ फोन घेऊन स्लॅबवर गेली. वरचं दार तिनं लावून घेतलं.

आम्ही खाली जिन्यापाशी. सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. मावशींना कोणी काही बोललं नाही. त्यामुळे त्या फारच अस्वस्थ झाल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "माझ्या तोंडाला कुलूप कामून लावलं न्हाई कुणी?" सासूबाई म्हणाल्या, "किल्ली बी तुझ्याकडंच राह्यली असती." मी भिंतीवरचा पुठ्ठा काढला. मागे पाल खरंच होती.

वरून काहीच ऐकू येत नव्हतं. नवीन प्रश्न, म्हणजे उखाण्यात नसलेले. मला एकामागून एक जोड्या आठवत होत्या, ज्या मी तिला सांगितल्याच नव्हत्या. मला शेळीचासुद्धा राग येत होता.

जाऊ खाली आली तेव्हा बूट हातात होते.

"काय इचारलं?" सासूबाईंनी विचारलं.

"इचारलं, पट्टी लय घट्ट झाली, बोटं निळी पडायलेत. तू काय करशील, लूझ करशील का लूसन?"

मी डोक्याला हात लावला. लूझ म्हणजे गमावणं. लूसन म्हणजे सैल करणं. आणि आपल्याकडे पट्टी काय, नट काय, सैल झालं की सगळे म्हणतात लूज झालं. यात बरेचसे मास्तरही चुकतात.

"मग?"

"म्या दोन्ही ऐकले व्हते, अर्थ बी माह्यती व्हता. पर कुठला कुणाचा, तेच ध्यानात येईना. मग मनात जुळवायला लागले. मॅडम म्हणली, व्हाय आर यू क्वाएट." जाऊ जिन्यावर सासूबाईंच्या शेजारी बसली. "पट्टी करते लूसन, गाठ सोडून जराशी."

"आन पुढं?" मावशी.

"पुढं यमक न्हाई जुळलं. नुसतंच आलं. की …रावांना लूझ करायचं न्हाई मला आता. दर साली दिवाळी झाली की करते तसं." ती बुटांच्या नाड्या सोडत होती, ज्या आधीच सुटलेल्या होत्या. "मग सांगितलं मॅडमला. आय विल लूसन इट. नाव आतच राह्यलं. ह्या वक्ताला तोंडातनं आलंच न्हाई."

मावशींनी तिच्या हातातले बूट घेतले आणि जिन्याखाली नीट लावून ठेवले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. फोन वाजला की सगळं घर धावायचं आणि तो बहुतेक वेळा मला शाळेतून आलेला असायचा. बोलावणं आलं तेव्हा जाऊ परभणीला ड्युटीवर होती आणि बातमी पेडगावला तिच्या आधी पोचली. मावशींनी ती चुडाव्याला, जावेच्या माहेरीही कळवून टाकली होती. तिच्या आईला लेकीकडून कळायचं सुख मिळालं नाही.

उन्हाळा लागला, टोळी परतली, आणि भाऊजींना मी हैदराबादला पोचवायला गेले. सामानाची यादी माझ्या हातात. जाऊ आधीच रुजू झाली होती. तिच्या वॉर्डाबाहेर आम्ही गाठोडी, पिठाचा डबा आणि सासूबाईंनी बांधून दिलेलं तिखट घेऊन उभे. एक परकी, केरळकडची वाटणारी नर्स बाहेर आली आणि तिनं इंग्रजीत नाव विचारलं. भाऊजींनी हळू आवाजात सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. तिनं दार ढकलून आत ओरडून ते नाव सांगितलं. आतून तीन-चार नर्स धावत आल्या. एकीनं हातानं खाट वर उचलल्याची खूण केली आणि म्हणाली, "रेझ!" दुसरी म्हणाली, "वाइप!" तिसरी नुसतीच हसत राहिली. तिला बोकडाचा उखाणा कळला असावा. त्यांच्या मागे पिकलेले केस आणि बारीक चष्मा होता. मेट्रननं भाऊजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली, एखादी दुरून ऐकलेली गोष्ट एकदाची समोर आल्यासारखी.

मग गर्दीतून जाऊ पुढे आली. पदर नव्हता, गणवेश होता, तरी तिचा हात खांद्याकडे गेलाच.

भाऊजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैनी, ह्या सगळ्यांना माझं नाव कसं काय माह्यती?"

आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा सगळ्यात लांब प्रश्न होता. मी यादीत पाहिलं. पिठाचा डबा आला होता, तिखट आलं होतं. मी दोन्हींपुढे खुणा केल्या आणि म्हटलं, "बायकोला विचारा. आता भरपूर वेळ आहे."